बोगद्याच्या पलीकडच्या बाजूला एक माणूस मिळण्याबाबत

प्रति,
श्रीमती जे. फेअरबर्न,
भाजीप्लॉट अधिकारी,
उद्यान विभाग, स्कारबेक नगर परिषद,
यॉर्कशायर.

विषय : प्लॉट क्र. ३१ वरील प्लास्टिकच्या बोगद्याबाबत मत कळवणे, तसेच एका दुपारपुरता एक माणूस मिळणेबाबत.

संदर्भ : आपली ११ मे रोजीची नोटीस व सोबतचे परिपत्रक.

महोदया,

१. मी बस डेपोतून निवृत्त झालेला फिटर असून मिल बँक येथील प्लॉट क्र. ३१ चा भाडेकरू आहे. आपली नोटीस मिळाली. माझ्या प्लॉटवर भाज्यांसाठी लोखंडी कमानींवर प्लास्टिक ताणून केलेला जो बोगदा आहे, त्याचे प्लास्टिक फाटले आहे, त्याच्या पट्ट्या शेजारच्यांच्या कोबीत आणि खालच्या ओढ्यात जातात, १५ जूनपूर्वी नवे प्लास्टिक चढवावे किंवा सांगाडा काढून टाकावा, नाहीतर प्लॉट प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसाला देण्यात येईल, असे तीत म्हटले आहे. नोटिशीतले सगळे खरे आहे. ओढ्यातली पट्टी मी स्वतः जाऊन काढली. माझी तक्रार नोटिशीबद्दल नाही.

२. परिपत्रकात आपण सर्व भाडेकरूंना विचारले आहे की हे स्वस्त बोगदे विकत घेण्यासारखे असतात का, की परिषदेने त्यांना यापुढे परवानगीच देऊ नये. उत्तरासाठी दोन ओळींची जागा सोडली आहे. मला ती पुरली नाही, म्हणून हा अर्ज करीत आहे.

३. घेण्यासारखे नसतात. आधी दाराची चेन जाते. मग ऊन लागून लोखंडी कमान तापते आणि तिला टेकलेले प्लास्टिक नेमके तिथेच तडकते. कमानी जोडणारे प्लास्टिकचे सांधे पहिल्या कडक थंडीत बिस्किटासारखे तुटतात. दोन उन्हाळे निघाले तर नशीब समजावे. माझ्या शेजारी श्री. डेरेक सटक्लिफ यांचा चांगल्यापैकी बोगदा आहे. जाड नळ्या, जमिनीत पक्के पाय, प्लास्टिकच्या कडा चर खणून मातीत गाडलेल्या. तो बरीच वर्षे हललेला नाही. परवडत असेल त्याने तसा घ्यावा.

आमचा बोगदा माझी पत्नी ग्लेनिस हिने घेतला. मी नको म्हणालो होतो. खोके उघडल्यावर मी एक नळी नुसत्या हातांनी वाकवून दाखवली. ती म्हणाली, "मग वाकवू नकोस."

दुसऱ्या हिवाळ्यात माळावरून वारा सुटला आणि बोगदा अख्खाच्या अख्खा उठून भिंतीपलीकडे चॅपलच्या आवारात जाऊन बसला. श्री. सटक्लिफ यांनी कुंपणावरून विचारले, "काय रे माल्कम, तंबू प्रार्थनेला गेला वाटतं?" ग्लेनिस म्हणाली, "हो. तू कधी जात नाहीस ना डेरेक, तुझ्या वतीनं गेलाय." आम्ही दोघांनी तो दोन टोकांना धरून गल्लीतून परत आणला. बस आमच्यामागे हळूहळू येत होती. ड्रायव्हर डेपोतला, ओळखीचा; मी तेव्हा नोकरीत होतो. त्याने भोंगा वाजवला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डेपोत मला जो भेटेल तो वाऱ्याचा अंदाज विचारू लागला.

४. तरीही माझे मत एवढ्यावर संपत नाही. आमच्या उतारावर उघड्यावर लावलेले टोमॅटो ऑक्टोबरपर्यंत हिरवेच राहतात आणि मग त्यांची चटणी करावी लागते. बोगद्यातले लाल झाले. पहिला टोमॅटो ग्लेनिसने तिथेच कापला, मीठ घरी राहिले होते म्हणून तसाच खाल्ला. पाऊस आला की आम्ही आत दोन खुर्च्या टाकून बसत असू. एकदा आत बसले की कुणी लवकर उठत नसे. इतरही कुणी पावसात अडकले की आत येत. श्री. सटक्लिफसुद्धा येत, कारण त्यांच्या चांगल्या बोगद्यात झाडे इतकी भरलेली असतात की माणसाला जागा नसते.

५. ग्लेनिस १४ मार्चला वारली. त्याआधी फेब्रुवारीत तिने टोमॅटोचे बी पेरून ठेवले होते. ते उगवल्याचे तिने पाहिले नाही. रोपे आता स्वयंपाकघरातल्या खिडकीत काचेला टेकली आहेत आणि बाजूला झुकून वाढू लागली आहेत. ती या पंधरवड्यात बोगद्यात लागली नाहीत तर वाया जातील. तिच्या हातचे पेरलेले आता दुसरे काही उरलेले नाही.

नवे प्लास्टिक मी आणले आहे. ते चढवताच आपल्या नोटिशीची पूर्तता होईल. अडचण इतकीच आहे की सांगाडा काढून टाकायला एक माणूस पुरतो आणि प्लास्टिक चढवायला दोन लागतात. दोघांना दोन बाजूंना उभे राहून एकाच वेळी ओढावे लागते. प्लास्टिकसोबत चित्रांचा कागद येतो, त्यात शब्द एकही नसतो. पहिल्या चित्रात एकटा माणूस आहे आणि त्याच्यावर फुली आहे. दुसऱ्यात दोघे आहेत. त्यांच्यावर फुली नाही.

६. फुली असूनही मी एकट्याने प्रयत्न केला. एका बाजूच्या कडेला विटा बांधल्या आणि वळसा घालून दुसरीकडे जाऊन ओढले, तर विटा चढून छपरावर आल्या. मग पाण्याने भरलेल्या दुधाच्या बाटल्या बांधल्या. त्या घसरल्या. मग मी स्वतःच धावू लागलो. एक हिसका इकडे, मग धावत जाऊन एक हिसका तिकडे. मी इकडे असलो की तिकडचे सुटे. पाचव्या-सहाव्या फेरीला वाऱ्याची झुळूक आली आणि प्लास्टिक मला घेऊन करवंदासारख्या काळ्या फळांच्या झुडपांत पडले. मी त्याखाली होतो. तेवढ्यात आमच्या प्लॉटधारक मंडळाच्या सचिव श्रीमती पॉलीन हेग वाटेने चालल्या होत्या. त्यांनी विचारले, "माल्कम, सगळं ठीक ना?" मी प्लास्टिकखालून म्हणालो, "अगदी ठीक." मग त्या गेल्या. त्यांचा दोष नाही. विचारले त्यांनी, उत्तर मी दिले.

७. आपण म्हणाल की शेजाऱ्यांना का सांगत नाही. रास्त प्रश्न आहे. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाने माझा हात धरून सांगितले होते, काही लागले तर नुसते सांग. ते मनापासून म्हणाले असे मी आजही मानतो. श्री. सटक्लिफ यांच्या फाटकाशी मी याच कामासाठी दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते मला पाहून म्हणाले, "काय माल्कम, बरा आहेस ना?" आणि मी विचार करण्याआधीच माझे तोंड म्हणाले, "बरं चाललंय." एकदा बरे चालले आहे म्हटल्यावर पुढे बोगद्याचा विषय काढता येत नाही. दोन्ही वेळा मी कांद्याबद्दल बोलून परत आलो. ते कामात होते असेही नाही. आमच्याकडे हे असेच विचारतात आणि असेच सांगतात. मार्चपासून मला दिवसाकाठी चार-पाच जण विचारतात आणि सगळ्यांना मी बरा असल्याचे माहीत झाले आहे.

कागदावर मात्र मला हे लिहिता येते आहे. आपण मला बरा आहेस का असे विचारले नाही, प्लास्टिकचे काय करणार असे विचारले. त्याबद्दल मी आभारी आहे.

८. भाडेकराराचा नियम क्र. १९ मी वाचला. भाडेकरूने मुदतीत काम न केल्यास परिषद दोन कामगार पाठवून बोगदा पाडेल आणि खर्च भाडेकरूकडून वसूल करेल, असा तो आहे. म्हणजे १५ जूननंतर माझ्या प्लॉटवर दोन माणसे यायचीच आहेत आणि त्यांचे पैसे मी द्यायचेच आहेत. माझी विनंती एवढीच की त्यांपैकी एकाला मुदतीआधी पाठवावे. त्याने पाडण्याऐवजी धरावे. खर्च नियमाप्रमाणे माझ्याकडून घ्यावा. यात परिषदेचा एक माणूस वाचतो.

९. येणाऱ्या माणसाबद्दल माझ्या अटी फार नाहीत. पुरुष असो वा बाई, वयाचीही अट नाही. बोगद्यांची माहिती असण्याची गरज नाही. वारा नसलेली उन्हाची दुपार हवी, कारण प्लास्टिक कोमट झाले की नीट ताणते. चहा आणि काहीतरी खायला मी आणीन.

एक अट मात्र आहे आणि ती आपण त्या व्यक्तीला आधी सांगावी. हे प्लास्टिक दुधी असते. एकदा वर चढले की पलीकडचा माणूस दिसत नाही. तो ओढतो आहे, थांबला आहे की निघून गेला आहे, हे कळायला आवाज लागतो. ग्लेनिस काम संपेपर्यंत बोलत असे. शेजारणीचा कुत्रा, बसचे भाडे, माझ्या बहिणीचा स्वभाव, काहीही. मध्येच गप्प झाली की मी विचारायचो, "आहेस ना गं तिकडे?" ती म्हणायची, "जाणार कुठे? ओढ तू."

तरी येणाऱ्या माणसाने बोलत राहावे. विषय कोणताही चालेल. मी इकडून उत्तर देत जाईन.

कळावे,

आपला नम्र भाडेकरू,
माल्कम बूथरॉइड
प्लॉट क्र. ३१, मिल बँक, स्कारबेक

दिनांक : २६ मे

सोबत :
(१) आपल्या नोटिशीची प्रत.
(२) चित्रांचा कागद. काम झाल्यावर परत मिळावा.
(३) नव्या प्लास्टिकचा हातभर तुकडा, कडेचा कापलेला. आपण तो डोळ्यांसमोर धरून समोर कुणाला तरी उभे करून पाहावे.