नकार क्रमांक एक आणि गारुफालिया आत्याचा माग

२३ जुलै
गावी पोचलो. अथेन्सहून साडेपाच तास, त्यातला एक तास मेंढ्यांच्या मागे. आत्याने दारातच विचारलं, जेवलास का. माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. वैताग.

संकल्प: रोज सकाळी सहाला मागावर. त्सिपुरोची दारू बंद. गावकऱ्यांशी कामापुरतं बोलणं.

१८ ऑगस्टला मिर्तो येणार. गॅलरीची मोठी भिंत कुणाला द्यायची हे तिच्या हातात आहे, आणि या वर्षी ती मलाच मिळाली पाहिजे. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. ‘नकार क्रमांक एक’: तीन मीटर बाय दोन, झुबकेदार लोकरीची फ्लोकाती, पण काळीकुट्ट. नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र घोंगड्याला समकालीन कलेची सणसणीत थप्पड. स्वतःच्या हातांनी विणतोय, असं मिर्तोला कळवलंय.

२४ जुलै, सकाळी ९.४०
उठलो. प्रवासाचा शीण. उद्या सहाला नक्की.

२६ जुलै
मागावर बसलो. सात धागे तुटले. माग पणजीच्या वेळचा, रचनेतच खोट. आत्या म्हणाली, तुझे हात आणि पाय एकमेकांशी बोलत नाहीत. मी तिला ‘प्रक्रियेतला अडथळा’ ही संकल्पना अर्धा तास समजावली. ती शेंगा सोलत होती.

२८ जुलै
मोठा निर्णय. संकल्पना माझी, विणकाम आत्याचं. जगभर मोठे कलावंत हेच करतात.

मिर्तोने विचारलं तर ‘अगीसनेच विणलं’ असं सांगायचं, हे आत्याकडून कबूल करून घेतलं. फार वेळ गेला, कारण बाई जन्मात खोटं बोललेली नाही. शेवटी म्हणाली, "सांगेन. वर गेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघेन." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना मध्ये आणायची काय गरज होती?

५ ऑगस्ट
पनायियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाआधीचा उपवास. घरात चीज नाही, मांस नाही. आत्या सत्तरीची, उकडलेल्या घेवड्यावर दिवसाला आठ तास विणते. मी देखरेख करतो. तेही दमवणारं आहे.

मागावरची काळी लोकर बघून शेजारणी विचारून गेल्या, कोण वारलं.

१२ ऑगस्ट
पट्टे शिवून झाले. आत्या त्यावर तीनदा थुंकली. नवं विणकाम दिसलं की दृष्ट लागू नये म्हणून इथल्या बायका थुंकतात. मलाही थुंकायला सांगत होती. साफ नकार दिला आणि रुमालाने पुसून काढलं. माझ्या कामावर थुंकायला समीक्षक आहेत.

१४ ऑगस्ट
काम भोवऱ्यात टाकलं. ओढ्याचं पाणी उंचावरून भल्यामोठ्या लाकडी पिंपात पडतं आणि घोंगडी गरगर फिरून झुबके फुलतात. भोवरा सांभाळणारा झीसिस म्हणाला, उद्या दुपारी काढ. तो स्वतः तीन दिवस सणात असणार, इथे कुणी फिरकणार नाही, आणि जास्त राहिलं तर आवळून जाईल. मला शिकवतोय.

आत्या म्हणाली, मी काढते. मी म्हटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

१५ ऑगस्ट
सणाला गेलो, निव्वळ निरीक्षणासाठी. सनई कर्कश. त्सिपुरो एकच घेतला, नाही म्हणणं असभ्य दिसलं असतं.

१६ ऑगस्ट
निरीक्षण चालू. नाचाच्या साखळीत सगळ्यात पुढे मी होतो, असं लोक सांगतात.

१७ ऑगस्ट, दुपारी ४
काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय.

४.०५
भोवरा.

६.००
एक मीटर दहा बाय सत्तर सेंटिमीटर. भिंतीला टेकवलं तर आपलं आपण उभं राहतं. झीसिस हसला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, माझ्या खेचराच्या पाठीला बरोबर बसेल.

आत्याने हात फिरवून पाहिला आणि आत निघून गेली.

७.३०
आता वाटतं, हेच मूळ मनात होतं. आक्रसलेली परंपरा. उलट जास्त ताकदवान झालंय.

१८ ऑगस्ट
मिर्तो आली. चाळीस मिनिटं आक्रसण्यावर बोललो. ती आत्याने विणून पेटीत ठेवलेली पांढरी घोंगडी एकेक उलगडत होती. मग माझ्या कामाकडे बोट करून तिने आत्याला विचारलं, हे कुणी विणलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझं नाव नको म्हणून हलवली होती, हे इथे लिहून ठेवतो. आत्या म्हणाली, "अगीसने. सगळं त्यानेच केलं."

मिर्तो म्हणाली, "ते दिसतंच आहे."

मोठी भिंत आत्याची. आत्या म्हणाली, सफरचंदं उतरवून झाली की येईन. मला घोंगडी व्हॅनमधून अथेन्सला न्यायची आहेत. पाटीवर नाव येईल: वाहतूक, अगीस.

जबाबदारीचं काम आहे.

१९ ऑगस्ट, सकाळी ६
नकार क्रमांक एक खेचरावर गेला. छान बसलाय.

आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेवढ्यात मागावर बसलो, सहज. एक धागा लावला. तुटला. दुसरा लावला. तोही तुटला. तिसरा राहिला. आत्या अंगणातून, मागे न बघताच म्हणाली, "आता थुंक त्याच्यावर."

थुंकलो. तीनदा.