चौथे निळे पिंप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शहराच्या कचरा वर्गीकरण शेडची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणा जिवंत माणसाचा दबाव नाही. आहे तो एका मेलेल्या बाईचा, आणि तो कायद्यात बसत नाही.

१. पुतण्यास माझी पुस्तके. घर नाही. "काकू, एवढ्या भंगारात राहतेस तरी कशी?" असे त्याने विचारले होते. तेव्हा तो ज्या खुर्चीत बसला होता ती त्यानेच टाकून दिलेली. मी तिला नवा पाय बसवला. खुर्चीही त्यालाच द्यावी.

२. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यांमध्ये उभे राहून ज्या साहेबांनी फोटो काढून घेतला, आणि मग दोन्ही डबे एकाच गाडीत ओतायला लावले, त्यांना तो फोटो चौकटीसह परत करावा.

३. लोहचुंबक, पकडी, दाभण शेडमधल्या बायकांना. भांडू नये. भांडणारच, म्हणून वाटणी काटेवाल्याने करावी. वजनात त्याने आजवर कोणाला फसवलेले नाही.

४. राहते घर, स्वकष्टार्जित, चिमटीच्या लेकीस. चिमटी आमच्या शेडच्या सरकत्या पट्ट्यावर कचरा निवडत असे. बोटे इतकी चपळ की खरे नाव सगळे विसरले. घर का देते, ते तिच्या लेकीला कळलेच पाहिजे.

टाकलेली वस्तू धुऊन, दुरुस्त करून पुन्हा घराघरांत पाठवायची, हे आमचे काम. "वस्तू जात नाही, फिरते," असे मी सभांतून सांगत असे. आल्याबरोबर लेबल सोलायचे, हा नियम माझा. नाहीतर लेबलाचा गोंद धुण्याच्या हौदात उतरत असे. त्या दिवशी चार निळी पिंपे आली. आत काय होते ते कोणी वाचले नाही. धुतली, बुडावर शेडचा गोल शिक्का मारला. तीन विकली, एक पिण्याच्या पाण्यासाठी शेडमध्ये ठेवले. चिमटी त्यावर बोटाने टकटक करून सांगायची, "बाई, अर्ध्यावर आलंय हो." सर्वांत जास्त पाणी तीच प्यायची. महिन्याभरात तिची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि ती गेली.

नंतर रद्दीच्या पोत्यात मला त्या पिंपांवरून सोललेले लेबल सापडले. त्यावर विषाची खूण होती. मी तिच्या लेकीला म्हणाले, "जुनं दुखणं असणार गं." खरे सांगितले असते तर शेड बंद पडली असती, असे मी स्वतःला सांगितले. शेडमधले पिंप आणि विकलेल्यांपैकी दोन मी शोधून कापली. चौथे सापडले नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी कोणाच्या न्हाणीघरात निळे पिंप दिसले की टकटक ऐकू येते, आणि मी ते उलटे करून बूड पाहते. लोक आता मला घरात घेत नाहीत.

५. ते लेबल माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तेही लेकीलाच.

६. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. सोबत माझ्या सर्व आजारांची चिठ्ठी बांधावी. न वाचता काही वापरू नये.

७. माझ्या मृत्यूनंतर चौथ्या पिंपाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. काटेवाल्याने वाचला. म्हणाला, "बाई, तुम्ही मरेपर्यंत त्यातलं पाणी कुणी प्यायचं?"

कलम सात खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. सूचना आजच देत आहे, शेडच्या नावासह. कलम चार आणि पाचमधला मजकूर चिमटीच्या लेकीला मी स्वतः वाचून दाखवीन. त्यानंतर तिने घर नाकारले तर तिची मनधरणी करू नये. माझी बाजू तर कोणीच मांडू नये.

ठिकाण : शेडमधली वजनकाट्याची खोली
तारीख : नऊ नोव्हेंबर, सकाळ

लिहून देणार : सही
साक्षीदार : १. काटेवाला, सही. २. शेजारच्या डॉक्टरीणबाई, सही.

निरोप मिळून चिमटीची लेक आली आहे. मी दार उघडते.