बाहेरकाठ्याला तू रस्ता म्हणालास

प्रिय नंदू,

तुझ्या वर्षश्राद्धाच्या सकाळी मी परसात केळीची पानं कापत होतो. तेवढ्यात गाड्यांचा आवाज आला. सहा जीपगाड्या! तुझे मित्र तुला श्रद्धांजली वाहायला आले होते. त्यांच्यापायी श्राद्ध अर्धंच राहिलं. उरलेलं आज या पत्रात सांगतो. गोड ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

काय माणसं जमवली होतीस रे! प्रत्येक गाडीला छपरापर्यंत शिडी आणि मागे चकचकीत फावडं. अंगातल्या टीशर्टवर तुझा फोटो, खाली ‘रायडर कधी मरत नाही’. इकडे ओटीवर भटजी तुझ्या नावाचे पिंड वळत होते. त्यांनी तो मजकूर वाचला आणि पुढचा पिंड वळायला घेतला.

सुनंदाने त्यांच्यासाठी पोहे केले होते. तुझ्या बायकोला भेटायला एकही जण उतरला नाही. सगळे सरळ बाहेरकाठ्यावर गेले.

बाहेरकाठा म्हणजे काय, हे तुला सांगायची वेळ यावी? खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून पणज्याने चिखल रचून घातलेला बांध. पावसाळ्यात आपण त्यावरून बैलसुद्धा नेत नाही. मी धावत पोचलो तोवर दोन गाड्या पुढे गेल्या होत्या आणि तिसरी जागच्या जागी चाकं फिरवत काठा उकरत होती.

आदल्या दिवशीच नारळी पौर्णिमा झालेली. उधाणाची भरती बाराला येणार होती. त्याआधी चाकोऱ्या बुजवल्या तर काठा वाचेल, फावडी सोडा, असं मी त्यांच्या म्होरक्याला सांगितलं.

“काका, ती फिक्स आहेत,” तो म्हणाला. “लूकसाठी असतात.”

लूकसाठी फावडं! मग त्याने मला फोन दाखवला. इथून जायला आपण कुणाला विचारायची गरज नाही, हा ट्रॅक आहे, असं त्याचं म्हणणं. पडद्यावर खाडीच्या कडेने एक निळी रेघ होती. वर तुझं नाव आणि खाली तुझे शब्द : ‘खाडीकाठचा मोकळा रस्ता. सोपा. बिनधास्त टाका.’

रस्ता? परक्याने लिहिलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण तू? लहानपणी याच काठ्यावर माझ्यामागून चिखलाच्या पाट्या वाहिल्यास. वैशाखात काठा वाळून दगड झालेला असताना तू एकट्याने मोटारसायकल नेलीस आणि जगाला पत्ता देऊन मोकळा झालास. निदान महिना तरी लिहायचा होतास. रेघेला ऋतू कळत नाही नंदू, पण तुला कळत होता.

बाराच्या सुमाराला काठा फुटला. मी समुद्राला दोष देत नाही, तो आपल्या वेळेला आला. अख्खा गाव चिखलात उतरला. तुझं पान वाढलेलं तसंच राहिलं. पाणी पहिल्यांदा शिरलं ते सुनंदाच्या शेतात, म्हणजे तुझ्याच. तुझे मित्र तोवर निघून गेले होते. संध्याकाळी त्यांचा फोटो आला, ‘भावाच्या वाटेवर’.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने तुझा फोन माझ्या हातात दिला. तो ट्रॅक काढून टाका, म्हणाली. मी उघडला. गाडी कुठे किती थांबली, तेही त्यात लिहिलेलं असतं. तू कुठेच थांबणारा नव्हतास. घाटात पाच मिनिटं, देवळाशी दोन. आणि काठ्यावर, आपल्या शेतासमोर, चाळीस मिनिटं.

काय करत होतास रे तिथे? श्रावणात तुला घेऊन गेलं ते छातीतलं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं का? की नुसता बसला होतास? घर हाकेवर होतं, मला का नाही बोलावलंस?

ट्रॅक काढायचं मी उद्यावर ढकललं. रोज सकाळी पूजा झाली की मी फोन उघडायचो, ती चाळीस मिनिटं बघायचो आणि बंद करायचो. रोज कुणीतरी नव्या माणसाने ट्रॅक उतरवून घेतल्याचं दिसायचं. तरी मी तो तसाच ठेवला. तुला आणि तुझ्या मित्रांना नावं ठेवणारा मी, पंधरा दिवस तेच केलं. मला माझं बघायचं होतं, मग मागून गाड्या येवोत नाहीतर पाणी.

काल सुनंदाने विचारलं. मी त्या चाळीस मिनिटांचं सांगितलं. ती पिवळ्या पडलेल्या भाताकडे बघत राहिली.

“मला ठाऊक हाय, दादा,” ती म्हणाली. “मी कवाच बघितलंय. पण रेघ काय भात देत न्हाय.”

काठ्याच्या कामाला घरटी एक माणूस द्यावा लागतो. तुझ्या घराचा माणूस इथून पुढे मी. अंगात बळ आहे तोवर तुझ्या वाटणीच्या पाट्या चुकणार नाहीत, हा शब्द देतो.

आज पूजेआधीच फोन घेतला. नक्की काढायचा का, असं त्याने विचारलं. हो म्हटलं. चाळीस मिनिटांसकट गेला.

तुझा थोरला भाऊ,
रामदास