हातांची साक्ष

मंगळवार, ४ मार्च

ढकललं. एवढा एकच शब्द बोलले आणि अख्खं कोर्ट उसळलं.

शब्द माझा नाही, साक्षीला आलेल्या बहिऱ्या मावशींचा. त्या हातांनी बोलतात, मी तोंडानं. माझं काम इतकंच – त्यांचे हात बघायचे आणि जे दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. शपथही तीच घेतली आहे. काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही, आणि खटला संपेपर्यंत बाहेर कुणाशी चकार शब्द बोलणार नाही. म्हणून ही वही. वहीला कान नसतात. तसे आमच्या घरातही मी आणि दादा सोडले तर कुणाला नव्हते. आई आणि बाबा, दोघेही जन्मापासून बहिरे. मी बोलायला शिकले ती आधी बोटांनी.

मावशी मोठ्या साहेबांच्या बंगल्यात अकरा वर्षं धुणं-इस्त्री करत होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आणि मोठे साहेब म्हणजे, निम्मं शहर त्यांनी बांधलेलं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या खिशात, असं म्हणतात. त्यांच्याच कंपनीतली इंजिनिअर मुलगी, सव्वीस वर्षांची. नव्या हॉस्पिटलची इमारत सुरक्षित आहे असं लिहून द्यायला ती नाही म्हणाली. बंगल्यावर बोलावणं आलं. संध्याकाळी गच्चीवरून खाली. पोलीस म्हणाले, आत्महत्या. साहेब म्हणाले, मी गच्चीवर गेलोच नव्हतो, खाली फोनवर होतो. पाच महिन्यांनी मावशी ठाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते, सगळं पाहिलंय – ठाण्यात खुणांनी एवढंच कळलं.

आज ते सगळं सांगायचं होतं. भांडण झालं. मुलगी मागे मागे सरकली. कठडा तुटला. साहेबांनी ढकललं. – आणि गोंधळ. कोर्ट उठलं ते उठलंच.

बाहेर जिन्यात मुलीची आई भेटली. माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली.

बुधवार, ५ मार्च

पेपरात पहिल्या पानावर माझा शब्द. वीतभर अक्षरांत.

शाळेत स्टाफरूममध्ये खटला केव्हाच निकालात निघाला आहे. चित्रकलेच्या सरांनी साहेबांना जन्मठेप दिली, गणिताच्या बाईंना ती कमी वाटली. मी गेले तशी सगळे गप्प झाले, मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुम्ही काही बोलू नका. पण आम्हाला अभिमान आहे.” आमची मुलं तेवढी बरी, त्यांना ऐकूच येत नाही. पण तिसरीतली एक पोर आली आणि हातांनी विचारलं, “तू टीव्हीत का होतीस?”

किराणावाला म्हणाला, “त्याच्या थोबाडावरच लिहिलंय की हो. डोळे बघा कसे आहेत.” वहिनीनं भाजी चिरता चिरता साहेबांच्या बायकोमुलांचाही निकाल लावला. बाबा नेहमीप्रमाणे टीव्हीपुढे, आवाज बंद करून. साहेबांचं तोंड पडद्यावर आलं की पुढे वाकून बघतात. मला म्हणाले, “घाबरलेला नाही हा. चिडलेला आहे.”

खोटं कशाला लिहू, मलाही बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बहिऱ्या बाईचं म्हणणं इतकं ऐकून घेतलं.

गुरुवार, ६ मार्च

चपलेत खडा गेल्यासारखं झालंय. पाय झटकते, चालते, पुन्हा टोचतो. कशाचं काय, कळत नाही.

रविवार, ९ मार्च

कळलं.

दुपारी दादाची धाकटी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढत होती. स्टूल डुगडुगलं. बाबा खुर्चीत, मी दाराशी. बाबांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोरात पुढे फेकले आणि शेवटी मुठी मिटल्या. धर तिला. मी धावले, धरलं. पोरीला काही झालं नाही. डबा पडला, बिस्किटं सगळीकडे.

मी ती गोळा करत बसले, आणि मिटलेल्या मुठीकडे लक्ष गेलं.

मावशींनी मंगळवारी हेच केलं होतं. हात पुढे, आणि मग मुठी. मी हात पुढे गेलेले पाहिले आणि तोंड उघडलं. मुठी मिटल्या तेव्हा मी बोलून मोकळी झाले होते. ढकलण्यात मूठ मिटत नाही. पहिलीतल्या पोरांना मी हे शिकवते.

मला खूण कळली नाही असं नाही. ही खूण मला चालायला यायच्या आधीपासून येते. सगळं कोर्ट पुढे वाकून ज्या शब्दाची वाट बघत होतं, त्याचीच मीही बघत होते. तो यायच्या आतच दिला टाकून.

सोमवार, १० मार्च

शाळेला अर्धा दिवस दांडी. सरकारी वकिलांकडे गेले. त्यांच्या ऑफिसात बसायला एकच खुर्ची, तिच्यावरही फायली. त्यांनी त्या उचलून जमिनीवर ठेवल्या, मला बसवलं, चहा मागवला. मी सांगितलं.

चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

“तुम्हाला नक्की माहीत आहे?”

“नाही. म्हणून तर पुन्हा विचारायला हवं.”

“कोर्टातल्या कॅमेऱ्यात मावशींची पाठ दिसते. हात दिसत नाहीत. तुम्ही जे म्हणालात तेवढंच कागदावर आहे.”

“कागदावर माझी चूक आहे.”

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही उद्या म्हणालात की त्यानं धरलं होतं, तर तो माणूस सुटला. उजळ माथ्यानं सुटला. हॉस्पिटलही उभं राहील, त्याच सिमेंटचं. तुम्हाला चालेल?”

मी कप खाली ठेवून उठले.

“तुम्हाला कुणी भेटायला आलं होतं का? त्यांच्याकडचं?”

म्हणजे ते असं विचारणार. पहिले तेच. मग सगळेच विचारणार.

मंगळवार, ११ मार्च

मावशींना भेटता येत नाही. नियम आहे. कोर्टाबाहेर साक्षीदाराशी बोलायचं नाही.

मुलांच्या वह्या तपासल्या. तीच वही दोनदा तपासली.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी बाबांच्या नखांना नेलकटर लावत होते. त्यांना स्वतःला जमत नाही हल्ली. नखं कापताना त्यांचे हात माझ्या हातात असतात, त्यामुळे दोघांचंही बोलणं बंद. बरं असतं ते. आज एका हाताची झाल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि विचारलं, “काय झालंय?”

खटल्याचं सांगता येत नव्हतं. मी विचारलं, “एखाद्याचं बोलणं मी चुकीचं सांगितलं असेल तर?”

त्यांनी कुणाचं, कुठे, काहीच विचारलं नाही. म्हणाले, “आईच्या वेळी सांगितलं होतंस.”

मला आधी समजेना. मग आठवलं. मी नऊ वर्षांची. हॉस्पिटलच्या खोलीत डॉक्टर, आई, बाबा आणि मध्ये मी. दादा गावाला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आईला सांगितलं नाही. मी सांगितलं, बरी होशील. अडतीस वर्षं झाली. कुणालाही बोलले नव्हते मी हे. या वहीलासुद्धा नाही.

“आम्हाला तेव्हाच कळलं होतं,” बाबा म्हणाले. “डॉक्टर किती वेळ बोलला, आणि तू एवढंसं सांगितलंस.” बोटांनी ‘एवढंसं’ दाखवलं. मोहरीएवढं. “आई म्हणाली, पोरीला काही विचारू नका, लहान आहे.”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग दुसरा हात पुढे केला, नखं कापायची राहिली होती. तीही झाल्यावर म्हणाले, “आता तू लहान नाहीस.”

गुरुवार, १३ मार्च

अर्ज दिला. न्यायाधीशबाईंच्या नावे, एक पान. ‘माझ्याकडून भाषांतरात चूक झाली असण्याची शक्यता आहे. साक्षीदाराला पुन्हा विचारण्यात यावं.’ कारकुनानं वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं. शिक्का मारला.

सोमवार, १७ मार्च

आज झालं.

न्यायाधीशबाई मला म्हणाल्या, “आज शब्द नकोत. त्यांना करून दाखवायला सांगा.” मावशी पिंजऱ्यातून खाली आल्या. एका शिपायाला ओढून साहेबांच्या जागी उभं केलं. मुलीच्या जागी उभी राहायला एक महिला पोलीस पुढे आली, पण मावशींनी तिला बाजूला सारून माझा दंड धरला. मला टेबलाच्या कडेला पाठ करून मागे झुकवलं. टेबल म्हणजे कठडा. तो मोडला, मी मागे कलले, पाय हवेत. मग शिपायाचे हात घेऊन माझ्या मनगटांवर ठेवले आणि वरून आपल्या हातांनी त्याच्या मुठी घट्ट आवळल्या.

मी तशीच लटकल्यासारखी उभी राहून बोलले. “त्यांनी धरलं. माझी आधी चूक झाली. ढकललं नाही, धरलं.”

साहेबांचा मोठा वकील ताडकन उठला. गेले सहा महिने त्याचं म्हणणं – आमचे अशील गच्चीवर नव्हतेच. आता म्हणाला, “म्हणजे आमचे अशील तिचा जीव वाचवत होते! हे सांगण्याच्या मनःस्थितीतसुद्धा ते राहिले नव्हते!” साहेबांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. मागचे लोक बाकांवर उभे राहिले. मावशी माझी बाही ओढत होत्या, पण न्यायाधीशबाई हातोडा आपटून थकल्या आणि उठल्या. उरलेलं उद्या.

मुलीची आई जिन्यातच होती. मी थांबले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

“किती दिले त्यांनी तुला?”

एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही. मी जिना उतरून गेले.

मंगळवार, १८ मार्च, सकाळ

एका संध्याकाळीत जग उलटं झालं. ज्या वाहिनीवर पंधरवडाभर साहेबांचे डोळे खुनशी होते, तिथे आता तेच डोळे भरून आलेले, सावकाश करून दाखवतायत. देवमाणूस म्हणे. हातून निसटलेल्या लेकराचं दुःख उरात दाबून बसलेला. किराणावाला म्हणाला, “मला आधीपासून वाटतच होतं.” आणि दुसरी वाहिनी लावली की ‘दुभाषी फिरली’, खाली माझा फोटो. शाळेच्या ओळखपत्रावरचा. कुणी दिला असेल?

मुख्याध्यापिकांचा फोन – काही दिवस रजा घेतलेली बरी. वहिनी तोंड फिरवून भांडी घासत होती. दादा म्हणाला, “खरं सांग, मी तुझा भाऊ आहे.” म्हणजे त्यालाही वाटतंय.

आणि आत्ता दारात एक ड्रायव्हर. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, एवढा मोठा की त्याचं तोंड दिसत नव्हतं. ‘खऱ्याची बाजू घेतल्याबद्दल’ असं कार्डावर, साहेबांच्या ऑफिसचा छापील कागद. मी म्हटलं, परत न्या. तो म्हणाला, “ताई, परत नेला तर माझी नोकरी जाईल.” मग घेतला आणि त्याच्यादेखत जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबला. मावेना. देठ मोडून मोडून कोंबला. दोन मजले वरून शेजारीण बघत होती. तिनं काय पाहिलं असेल? साहेबांकडून फुलं आली, एवढंच.

बाबा तयार होऊन बसलेत. आज कोर्टात येतो म्हणतात. इस्त्रीचा सदरा घातलाय.

मंगळवार, १८ मार्च, संध्याकाळ

न्यायाधीशबाईंनी आधीच बजावलं – या बाईंचे हात थांबेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. दुभाषीनंही नाही.

मी पुन्हा मागे कललेली. माझी मनगटं शिपायाच्या मुठीत. मावशी जवळ आल्या. त्यांनी शिपायाची करंगळी धरली आणि माझ्या मनगटावरून उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. घाई नाही. अंगठा सगळ्यात शेवटी. आधी एका हाताचा, मग दुसऱ्याचा.

मग त्यांचे हात थांबले.

“हात सुटला की सोडला?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मी मावशींना तीनदा विचारलं, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. तिन्ही वेळा त्यांनी तेच केलं. एकेक बोट.

मग मी बोलले. सोडला.