काळे चाकं अन् गोमतीबाईचा गुडघा

३ ऑक्टोबर

पयलेच सांगून ठेवते — सुद्दलेखन चुकन. एका बोटानं टाईप करून राह्यली, तेबी हळू. अर्धा शब्द लिवला की मोबाईल त्याच्या मनानंच दुसरा टाकते. सांभाळून घे बापा. डायरी, तू कोणाले दाखवणार नाही म्हणून तुह्याजवळच लिवते.

नववीत शाळा सोडली मी. सर म्हणत उभी राहून वाच, अन् माहा आवाजच निघे ना. आता सोयाबीन सोंगाले, म्हणजे कापाले, जातो — माय, मी अन् गावातल्या वीस बाया. माय टोळीची मुकादम आहे. माहा भाऊ हरीओमदादा त्याच्या पिकपमधी सगळ्याइले वावरात नेते अन् आणते. कोणी "राखे" म्हटलं की मी खाली पाह्यते. बाया म्हणतात, चंदाबाईची पोट्टी मुकी आहे का काय!

आज दादानं मोबाईल माह्यापुढं धरला. "पिकपले मोठे टायर टाकून राह्यलो. अन् मॅकव्हील, ते डिझाईनवाले चाकं. काळे घेऊ का चांदीवानी?"

मी म्हटलं, काळे.

दिवसभरात तेवढंच बोलली.

५ ऑक्टोबर

मालेगावले गेलो, चांदभाई टायरवाल्याकडे. दादानं मले कायले नेलं त म्हणे रंग तू सांगतला, पसंतबी तूच कर.

दादा एकटाच बोलून राह्यला. पावसात काळ्या मातीत गाडी फसते, बायाइले खाली उतरून लोटा लागते, मोठा टायर असला की सरसर निंगते... हे खरं आहे. पण आरशात केस नीट करून राह्यला होता तवा मातीचं काही मनात नव्हतं त्याच्या.

चांदभाईनं जुने टायर बदल्यात ठेवून घेतले. नवे लावले. मंग चार पावलं मागं सरकून पाह्यलं अन् म्हणे, "चूहे को हाथी के पैर लगा दिए, भाई!"

दादानं बसस्टँडपर्यंत चक्कर मारली. वापस आला. "मक्खन!"

गाडी रिकामी होती. हे ध्यानात ठेव.

६ ऑक्टोबर

दादानं चाकं श्याम्पूनं धुतले. माह्या श्याम्पूनं.

७ ऑक्टोबर

वीस बाया, वीस इळे, डबे, पाण्याच्या कॅना. फाट्यावर गाडी वळली अन् खालून — खर्रर्रर्र!

टोळीतली ताजबीचाची ओरडली, "हऱ्या! गाडीखाली कोणाले घेतलं रे?"

कोणालेच नाही. गाडी भरली की खाली बसते, अन् टायर मडगार्डले घासते. रबर जळल्याचा वास आला. एक बाई पदर नाकाले लावून देवाचं नाव घ्याले लागली. दादा म्हणे, नवं आहे, बसन बराबर. प्रत्येक वळणावर खर्रर्र. केनवडपर्यंत सतरा वळणं आहेत. मी मोजले.

केनवडले उकंडरावचं सोयाबीन आहे. बावीस एकर. मायनं त्याले शब्द देला आहे, दिवाळीच्या आत सगळं सोंगून देतो म्हणून.

९ ऑक्टोबर

परत चांदभाई. ते म्हणे, "बाइयों का वजन तूने बताया ही नहीं!" मंग कमानपाट्याखाली लोखंडी ठोकळे टाकले. गाडी वर उचलली. आता घासत नाही.

दादा लय खुश. मी बाजूनं उभी राहून पाह्यलं. डाल्याची, म्हणजे मागच्या हौद्याची, कड पयले माह्या कमरेले लागे. आता त्याच्या लय वर.

मले वाटलं बोलावं. नाही बोलली.

१० ऑक्टोबर

चढल्या बाया. कशाबशा. आमी मागच्या चाकावर एक पाय देतो, मंग डाल्याची कड धरून आत. सगळं गाव असंच चढते. आज दादा चाकाजवळ पहारा देत उभा! "चप्पल काढा! स्क्रॅच पडते!"

गोमतीबाई म्हणे, "चपला काढाले हे काय मंदिर आहे का रे?"

गोमतीबाई म्हणजे आमच्या टोळीची म्होरकी. साठीच्या पुढं आहे, पण तिच्या इळ्याबरोबर कोणाचाच इळा चालत नाही. तास, म्हणजे पिकाची ओळ, पयले ते धरते, बाकी तिच्या मागं. ते थांबली की सगळ्या थांबतात.

१२ ऑक्टोबर. दसरा

मायनं गाडीची पूजा केली. चारी चाकाइले हळद-कुकू, फुलं, वर स्वस्तिकाचा सातिया. नारळ फोडलं. गाडी नवरीवानी दिसून राह्यली होती. मायबी म्हणे, काळ्या रंगावर कुकू उठून दिसते.

मले बरं वाटलं. रंग माहा.

१३ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिवतानी हासू येते.

सकाळी सगळ्या जमल्या. गोमतीबाईनं पाय उचलला अन् तसाच धरून ठेवला. "अवो चंदा, कालच कुकू लावलं नं तू या चाकाले? त्याच्यावर पाय देऊ मी? मले नरकात धाडतं काय?"

खल्लास! बाकीच्याइनं बी पाय मागं घेतले. ताजबीचाची म्हणे, "मैं तो रख दूँगी," पण बायाइनं तिच्याकडे असं पाह्यलं का तिनंबी पाय खाली घेतला.

दादा म्हणे, धुऊन टाकू. माय भडकली — "दसऱ्याची पूजा दुसऱ्या दिवशी धुतात काय रे?"

मंग मागून चढायचं ठरलं, फाळका पाडून. पयले तरण्या चढल्या. मग गोमतीबाई. वरून दोघीइनं हात धरले. खालून ताजबीचाची खांदा लावून ढकलून राह्यली. एक पाय डाल्यात, एक हवेत. ना वर, ना खाली.

"सोडा वो मले! ...नाही नाही, सोडू नका!"

"गोमती, वर पाह्य!"

"वर काय आहे? तुहं तोंड?"

सगळ्या हासून हासून ढिल्या पडल्या, मंग हातातला जोरच गेला. ते तशीच लटकलेली. शेवटी माय अन् मी खालून लागलो, तवा आत पडली. पोत्यावानी. उठून बसली, लुगडं नीट केलं, अन् केनवडपर्यंत पाठ फिरवून बसली.

ते हेबी विसरली असती. पण दादा त्याच टायमाले पुढून चाकाचा व्हिडिओ काढून राह्यला होता. कुकू लावलेलं काळं चाक, वरून गाणं, "दसरा स्पेशल." टाकला स्टेटसले. त्याच्या डोळ्याले फक्त चाकच दिसते! व्हिडिओत मागं गोमतीबाई लटकून राह्यली, हे त्यानं पाह्यलंच नाही.

एकशे बारा लोकाइनं पाह्यलं.

१४ ऑक्टोबर

गोमतीबाई आमच्या गाडीवर नाही आली. मंग कोणीच नाही आलं.

सातले तांड्यावरच्या हेमसिंगची पिकप आली. जुनी, बुटकी, एका दाराले सुतळी बांधलेली. आमच्या वीसच्या वीस बाया पटपट चढल्या. हेमसिंग त्याइले दुसऱ्याच कास्तकाराच्या वावरात घेऊन गेला. ताजबीचाची जातानी मायले म्हणे, "चंदा, राग नको मानू. तुह्या पोराची गाडी पाह्याले चांगली आहे. ही बसाले चांगली आहे."

दुपारी उकंडरावचा फोन. "चंदाबाई, शेंगा तडकून राह्यल्या. दाणे मातीत चालले. चार दिवसात टोळी नाही आली त मी हार्वेस्टर लावतो. अन् मंग माह्या वावराचं नाव पुढच्या सालीबी घेऊ नका."

मायनं फोन ठेवला. सात वर्साची टोळी आहे तिची. सोपी नव्हती बांधली. दादाले म्हणे, "तुह्या चाकाइनं नेली माही टोळी."

मी भांडे घासून राह्यली होती. काळे म्हणणारी मीच नं.

१५ ऑक्टोबर

दादा चांदभाईकडे जाऊन आला. जुने टायर मांगाले. ते म्हणे तुह्ये टायर कवाच गेले, दुसऱ्याच्या गाडीले फिरून राह्यले. अन् नवे? "पहनी हुई चप्पल कौन वापस लेता है भाई?"

मंग दादाचं डोकं चाललं. गाडी मारोतीच्या ओट्याले लावली. ओट्यावरून डाल्यात पाय टाकला की झालं! माय अन् मी चढून दाखवलं. छान. माय म्हणे, "अन् वावरातून येतानी? ओटा डोक्यावर नेऊ काय?"

मंग प्लास्टिकची खुर्ची. दादा सोताच चढून दाखवाले गेला. खुर्चीचा पाय गेला. दादाचाबी गेला असता.

१६ ऑक्टोबर

आज मी गेली. एकटी. गोमतीबाईच्या घरी!

दारात दोनदा उभी राहून वापस फिरली. तिसऱ्यांदा तिनंच पाह्यलं. "कोन? चंदाची राखी? ये. अन् तुह्या भावाची वकिली कराले आली असशीन त माहा गुडघा दुखते म्हण त्याले."

मी खिशातून सुतळी काढली. म्हटलं, आजी, पाय उचला. दुखाले लागते तिथपर्यंत नाही. त्याच्या आधीपर्यंत.

ते माह्या तोंडाकडे पाह्यतच राह्यली. "अवो! तुले बोलता येते व्हय!"

पण उचलला तिनं पाय. मी जमिनीपासून तिच्या पायापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. मंग म्हटलं धा बार उचला, थकल्यावर किती उचलता, तेबी पाह्यते. दुसरी गाठ. ते खालीच होती, चार बोटं. येतानी सगळ्याच थकलेल्या असतात.

दादानं टायर मोजला, मडगार्ड मोजलं, ठोकळे मोजले. गोमतीबाईचा गुडघा कोणीच नाही मोजला.

निंगतानी म्हणे, "अन् तो व्हिडिओ?"

मी म्हटलं, दादा येईन माफी मांगाले. दादाले हे माहीत नव्हतं. मलेबी तवाच माहीत झालं.

१७ ऑक्टोबर

दादा गेला माफी मांगाले. तासभरानं आला, कान लाल. काय झालं सांगत नाही. मायनं दोनदा इचारलं.

मंग सुतळी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे. तो म्हणे कशाचं माप आहे? दादा म्हणे, गुडघ्याचं. तो म्हणे, दवाखाना पुढं आहे.

तीन पायऱ्याइची लोखंडी शिडी बनवली. मागं लावायची, काम झालं की साखळीनं वर. मी दुसरी गाठच धराले लावली, थकल्या पायाची. वेल्डिंगवाल्यापुढं बोलली. हळू, पण बोलली.

१८ ऑक्टोबर

सकाळी गाडी चौकात लावली. शिडी खाली. हेमसिंगची गाडीबी उभीच होती. बाया मधात. कोणीच हालत नाही.

गोमतीबाई आली. शिडीकडे पाह्यलं. पयल्या पायरीवर पाय. दुसऱ्या. तिसऱ्या. आत! अन् वरून म्हणे, "हऱ्या, आता काढ व्हिडिओ. पयल्या पायरीपासून काढ. अन् चाक नको दाखवू त्याच्यात!"

सगळ्या धावल्या. हेमसिंग म्हणे, "चंदाबाई, हे बराबर नाही." माय म्हणे, "तुमीबी लावा नं शिडी. माप पायजे त सांगजा."

माय लगेच ताट घेऊन आली — शिडीले कुकू लावाले. वीसच्या वीस बाया एकदम ओरडल्या —

"नकोऽऽऽ!"

केनवडले राती पाऊस येऊन गेला होता. वावराच्या रस्त्यात चिखल. उकंडरावचं ट्रॅक्टर फसून होतं. आपली पिकप बाजूनं सरसर निंगून गेली. खोटं कायले बोलू, टायर चांगलेच आहेत. दादानं मागं वळून सगळ्याइच्या तोंडाकडे पाह्यलं. कोणीच काही म्हटलं नाही त्याले. मुद्दाम!

२१ ऑक्टोबर

बावीस एकर सोंगून झालं. उकंडराव मायले म्हणे पुढच्या सालीबी तुमीच या. काही दाणे गेले मातीत, पण बोलला नाही त्याबद्दल.

येतानी गोमतीबाईनं मले तिच्याजवळ बसवलं. रस्ताभर काहीबाही इचारलं. मी सांगतलं.

२२ ऑक्टोबर

दादाचं पोलीस भरतीत नाव लागलं. वेटिंगमधून. दोन वर्साआधी दौडला होता, आमी विसरूनबी गेलो होतो. सोमवारी ट्रेनिंगले जाते. गल्लीभर पेढे वाटले. माय रडतेबी अन् हासतेबी.

गाडी कोण चालवन, हे अजून कोणीच नाही इचारलं. इचारलं त मी म्हणन, मी शिकते.