आग्रहाचे तीन दिवस

शुक्रवार, ९ मे

रजा मंजूर. पूर्ण दहा दिवस. सव्वीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बसून दुसऱ्यांच्या रजा मोजल्या, लेट मार्क दिले. उद्यापासून स्वतःची रजा. शिल्लक एकशे चाळीस दिवस होती, आता एकशे तीस राहील. जरा चुटपुट लागली.

धाकट्या भावाकडे जातोय. तो तिकडे दूरदेशी जाऊन सात वर्षं झाली. दर रविवारी संध्याकाळी सहाला त्याचा फोन. दादा, या की सगळे, महिनाभर राहा. समुद्रात एक दीपगृह आहे, तू आलास की आपण दोघं वर जाऊ. मी म्हणायचो येतो, रजेचं बघतो. बघायला सात वर्षं लागली. जबाबदारीची नोकरी म्हटल्यावर चालायचंच.

परतीचं तिकीट सातव्या दिवसाचं, म्हणजे शुक्रवार सोळाचं. रजा मात्र सोमवार एकोणीसपर्यंत. मधले तीन दिवस आग्रहाचे. सख्खा भाऊ सातव्या दिवशी सोडणार आहे थोडाच? तिकीट पुढे ढकलता येतं, चौकशी करून ठेवली आहे. हिला सांगितलं तर म्हणाली, आग्रह गृहीत धरून रजा कोण टाकतं? मी म्हटलं, अनुभवी माणूस टाकतो. हिने सातच दिवसांचे कपडे भरले. मी तीन शर्ट जास्तीचे घेतले, बॅगेच्या तळाशी.

संकल्प: तिथे कुणालाही काडीचा त्रास द्यायचा नाही. सहा दिवसांत चौदा ठिकाणं बघायची. टाइमटेबल तयार आहे, चार प्रती. शिटी घेतली.

शनिवार, १० मे, संध्याकाळ

पोचलो. धाकटा विमानतळावर आला होता. पोट सुटलंय त्याचं. पुतणी भावजयीच्या मागे लपली होती. सहा वर्षांची झाली, आज पहिल्यांदा पाहिली. डोळे थेट आमच्या आईचे. काय बोलावं सुचेना, म्हणून तिला किती वाजले ते विचारलं.

इथली घड्याळं आपल्या दीड तास मागे. माझं बदललेलं नाही. टाइमकीपरने गाव बदललं म्हणून वेळ बदलायची नसते. मनात दीड तास वजा केला की झालं.

घर छोटंच, एक हॉल आणि दोन खोल्या. त्यांनी त्यांची खोली आम्हाला दिली, पुतणीची आमच्या कन्येला, आणि ते तिघं हॉलमध्ये. मी म्हटलं, मी झोपतो हॉलमध्ये. धाकटा नको म्हणाला. एकदाच म्हणाला, पण मनापासून.

टाइमटेबल फ्रिजवर लावलं. तिथे पुतणीने काढलेलं मांजराचं चित्र होतं, ते बाजूच्या भिंतीला हलवलं.

रविवार, ११ मे

सकाळी सातला (इथले साडेपाच) शिटी वाजवली. एकदाच, तीही हळू. दोन मिनिटांत तिघंही हॉलमध्ये हजर. तसे ते तिथेच झोपले होते म्हणा. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बंडी घालून वर आले. त्यांची भाषा कळली नाही, मी हसून मान हलवली. धाकटा त्यांच्याशी बराच वेळ बोलत होता. माणसं मनमिळाऊ दिसतात.

आजचं ठिकाण: संग्रहालय. दर दालनाला वीस मिनिटं ठरवली होती. दुसऱ्या दालनात ही एका फुलदाणीसमोर रेंगाळली. वेळ संपली म्हणून शिटी वाजवली, तर पहारेकरी धावत आला आणि आम्हाला थेट बाहेरच्या दारापर्यंत सोडून गेला. इतक्या गर्दीत त्याने फक्त आमच्याकडेच लक्ष दिलं. कन्या वीस पावलं मागून चालत होती. विचारलं तर म्हणाली, मी यांच्याबरोबर नाहीये.

पाहिलेली ठिकाणं: एक. (दालनं दीड.)

सोमवार, १२ मे

धाकटा सकाळी साडेसहालाच ऑफिसला गेला. ऑफिस साडेनऊला उघडतं. दोन दिवसांत एवढा फरक. शिस्त संसर्गजन्य असते.

भावजय औषधांच्या दुकानात काम करते. तिलाही नेमकी या आठवड्यात जादा पाळी लागली. तिने स्वतःहून मागून घेतली असं पुतणीकडून कळलं. कष्टाळू मुलगी.

ठरलेली बाग हिच्या पायात गोळा आल्यामुळे रद्द. वेळ वाया घालवला नाही. स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून उंचीप्रमाणे लावले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. तेवढाच भावजयीला हातभार. संध्याकाळी ती आली आणि फळीसमोर मीठ शोधत कितीतरी वेळ गप्प उभी राहिली. आभार मानायला शब्द सापडत नसावेत.

पुतणीची मराठीची शिकवणी सुरू केली, रोज पंचवीस मिनिटं. पोरीला मराठी कळतं पण बेताचंच. शाळेतल्या भाषेत लिहितात एक आणि वाचतात भलतंच, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, मराठी सरळ भाषा. जे लिहितो तेच वाचतो, जे बोलतो तोच अर्थ. तिने ते वहीत लिहून घेतलं.

मंगळवार, १३ मे

शिटी सापडत नाही. सकाळी सगळे इथल्या घड्याळाने साडेआठपर्यंत झोपले.

दुपारी दोन: कपडे धुण्याच्या यंत्रातून खडखड. यंत्र बंद पडलं. मी स्वतः खोलून बघितलं. मग ते जास्त बंद पडलं. दुरुस्तीवाल्याची वाट बघत दिवस गेला. त्याने आत हात घालून शिटी काढली. ही म्हणाली, तुमच्याच खिशातून गेली असेल. पण मी ती खिशात ठेवतच नाही. भावजयीला मुळीच आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

एक बरं झालं. शिटी धुऊन निघाल्यामुळे आवाज खणखणीत येतोय.

पाहिलेली ठिकाणं: एकच. टाइमटेबल सुधारून चौदाची सात केली.

बुधवार, १४ मे

आज दीपगृह. धाकट्याने आणि भावजयीने खास रजा टाकली. बोट अकराची. दीड तास वजा करून माझ्या घड्याळात साडेनऊ, म्हणून सगळ्यांना पिटाळत बाहेर काढलं. धाकट्याने दोनदा सांगून पाहिलं की दादा, अजून वेळ आहे. मी म्हटलं, वेळेचं मला सांगू नकोस.

धक्क्यावर पोचलो तेव्हा तिथलं घड्याळ आठ दाखवत होतं. दीड तास मिळवायचा होता, मी वजा केला. टाइमकीपरसुद्धा माणूसच आहे.

तीन तास होते. बायका आणि मुली कठड्याच्या सावलीत बसल्या. मी आणि धाकटा दोरखंडाच्या वेटोळ्यावर. गंमत म्हणजे अख्ख्या सहलीतले हेच तीन तास बरे गेले. आई आम्हाला एकाच ताटात वाढायची आणि मधे बोटाने रेघ ओढायची. ती रेघ मी कशी हळूहळू त्याच्या बाजूला सरकवायचो, हे त्याला अजून आठवतं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी लहानपणी हसायचा तसा हसला. मलाही भरून आलं, पण समुद्रावरचा वारा होता.

पावणेअकराला बोटीत चढण्याआधी हजेरी घेतली. एकूण सहा जण. मोजले तर पाच. पुन्हा मोजले, पाच. मी बोटीच्या फळीवर आडवा उभा राहिलो आणि सहावं माणूस सापडेपर्यंत कुणालाही चढू दिलं नाही. मागे रांग ओरडायला लागली. टाइमकीपर मस्टरवर स्वतःला धरत नाही, सव्वीस वर्षांची सवय. सहावा मीच होतो हे कन्येने सांगितलं, तोवर बोटवाल्याने फळी ओढून घेतली होती.

पुढची बोट शनिवारी.

धाकटा दीपगृहाकडे बघत बराच वेळ उभा होता. वाईट वाटलं. पण नंतर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शनिवारी! म्हणजे सतरा तारखेला. आता त्याला राहा म्हणण्यावाचून गत्यंतरच नाही. देव देतो तेव्हा असा छप्पर फाडून देतो.

गुरुवार, १५ मे

सकाळी दहा: अजून म्हणाला नाही. लाजत असेल.

दुपारी एक: बॅग हॉलमध्ये आणून उघडी ठेवली. रिकामी. म्हणजे विषय निघेल. पुतणी तिच्यात बसून खेळली.

संध्याकाळी सहा: शेवटी मीच मोठ्याने म्हटलं की चला, उद्या आमचं तिकीट. धाकटा म्हणाला, हो, टॅक्सी सांगितली आहे. सकाळी आठ. तुझ्या घड्याळात साडेनऊ, वजा करू नकोस.

मी म्हटलं, बोट शनिवारी आहे. तो म्हणाला, हो ना, हुकलंच. मी म्हटलं, रजा तशी सोमवारपर्यंत आहे माझी.

त्याने हातातला कप खाली ठेवला. रजा सोमवारपर्यंत आणि तिकीट शुक्रवारचं, असं का, म्हणाला. खोटं बोलणं जमलं नाही. सांगून टाकलं की तू आग्रह करशील असं धरून चाललो होतो.

मग म्हणाला, "दादा, सात वर्षं केला की आग्रह. दर रविवारी. पोरगी झाली तेव्हा केला. तिला शाळेत घातलं तेव्हा केला. तू दर वेळी म्हणालास, येतो, रजेचं बघतो."

मी म्हटलं, कारखान्यात माझ्याशिवाय चालत नाही.

"हा आठवडा चाललाच ना?" म्हणाला. आवाज चढवला नाही. कुणाला पत्ता सांगावा तसं सांगत होता. "आता राहा म्हटलं तर राहशील, माहितीये मला. पण म्हणवत नाही रे. आणि खरं सांगू? त्या शिटीने आम्ही सगळे दमलोय."

मी घड्याळ बघितलं. किती वाजले ते लक्षात आलं नाही.

नंतर फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं आणि मांजराचं चित्र जागेवर लावलं. पुतणीने येऊन ते सरळ केलं.

शुक्रवार, १६ मे, विमानतळावर

निघताना घडलं ते लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मी ते वेगळं आठवीन.

दारात चपला घातल्या. भावजय वाकून नमस्काराला आली तेव्हा डब्यांबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, अहो दादा, मीठ सापडलं मला काल. मग नेहमीसारखं म्हटलं, "बरंय, येतो."

पुतणीचा चेहरा उतरला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "परत?" म्हणाली. "कधी?"

भावजय कानापर्यंत लाल. पोरीचा काय दोष? जे बोलतो तोच अर्थ, हे मीच शिकवलं होतं. शेवटी धाकटा खाली बसला आणि तिला म्हणाला, "घाबरू नकोस. काका येतो म्हणतात ना, तेव्हा ते जातात."

सगळे हसले. ही तर पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. सगळ्यात शेवटी हसलो आणि सगळ्यात आधी थांबलो.

शिटी पुतणीला देऊन टाकली. तिने ती लगेच आईच्या हातात दिली.

टॅक्सी वळेपर्यंत धाकटा फाटकाशी उभा होता. मी मागे वळून बघत होतो म्हणून दिसला.

शनिवार, १७ मे

घरीच. कामावर गेलो तर विचारतील, लवकर कसे? शेजारीण जिन्यात भेटली. तिला सांगितलं, भाऊ सोडतच नव्हता, कसेबसे निघालो. ही कुलूप उघडत होती. तिने किल्ली दोनदा फिरवली.

साडेबाराला (दीड तास नीट मिळवून) बोट सुटली असेल.

पाहिलेली ठिकाणं: एक. हिच्या मते दोन, धक्का धरून. हिचं बरोबर आहे.

रविवार, १८ मे

संध्याकाळी सहा: फोनजवळ बसलो. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. सात वर्षांत त्याचा फोन कधी चुकला नव्हता. लेट मार्क द्यावा असं मनात आलं. मग विचार केला, एवढ्या वर्षांत आपण किती वेळा केला? एकदाही नाही. मस्टरवर दुसऱ्या बाजूचं पान कोरंच आहे.

मीच लावला. पुतणीने उचलला. मला विचारलं, काका, तू कुठे आहेस? मी म्हटलं, माझ्या घरी. मग ती मोकळेपणाने बोलली. मांजराचं नवीन चित्र काढलंय, त्याच्या गळ्यात शिटी आहे.

धाकटा आला. आवाजावरून झोपेतून उठला होता. आठवडाभराची झोप भरून काढत असेल. म्हटलं, सगळे या इकडे. महिनाभर राहा. तुझी खाट अजून तशीच आहे. वेळेचं काही बंधन नाही, हवं तेव्हा उठा. मनापासून म्हटलं. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. आग्रह करायला किती जीव लागतो ते आज कळलं.



"येतो, दादा," म्हणाला. "रजेचं बघतो."

फोन ठेवला. ही बॅग रिकामी करत होती. तिने आतून विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, येतो म्हणाला.

तिने तळाचे तीन शर्ट काढले आणि घडी न मोडता कपाटात ठेवून दिले.