पुठ्ठ्यावरचे हिरवे थेंब

४ ऑक्टोबर, शनिवार
गाडी आली. निळी. जुनी आहे, पण जुनी दिसत नाही. आधीचा मालक म्हातारा, फक्त चर्चला आणि बर्फावरच्या कर्लिंगच्या खेळाला न्यायचा म्हणे. तीन टायरना लाथ मारून पाहिली, चौथा चिखलात होता. सगळं आयुष्य धान्याच्या एलेवेटरवर, म्हणजे गावच्या कोठारावर, लोकांचा गहू पारखण्यात गेलं, मला फसवणारा अजून जन्मायचाय.

व्हर्नाला सांगून टाकलं, सोमवारपासून तुझ्या रेडिएशनला रोज मी नेणार. रोज म्हणजे रोज. चर्चच्या मेव्हिसबाई बायकांच्या पाळ्या लावत होत्या, कुठल्या दिवशी कोणी तिला शहरात न्यायचं. त्यांना फोन करून कळवलं, आभारी आहे, घरात नवरा आहे आणि आता गाडीपण आहे. व्हर्ना म्हणाली, एवढं ताडकन कशाला बोललास, राहू द्यायच्या होत्या पाळ्या, लागलं तर असाव्यात.
लागणार नाही.

५ ऑक्टोबर, दुपारी
शहरापर्यंत ट्रायल मारून आलो. तासाभराचा रस्ता, गाडी लोण्यासारखी पळते. कॅन्सर सेंटरचं पार्किंग बघून ठेवलं. आत गेलो नाही. आत बघण्यासारखं काय असणार?

घरी येऊन उभी केली, तर खाली ओलं. बशीएवढं. रंग नाही, वास नाही. चव बघणार होतो, तेवढ्यात व्हर्नाने खिडकीतून हाक मारली.
शेजारचा ड्वेन आला. वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, काचेवरचं धुकं घालवायला डीफ्रॉस्ट लावला होतास ना? मग एसीचं पाणी आहे ते लेका, सोड की.
या ड्वेनने मागच्या हिवाळ्यात बर्फावर पळवायची स्नोमोबाइल तळ्यात घातली होती. याचं मी ऐकायचं! खबरदारी म्हणून इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटची टाकी काठोकाठ भरली.

६ ऑक्टोबर, सकाळी
निघण्याआधी इंजिन चांगलं तापवून घेतलं. आणि हिरवे थेंब! टपटप! कूलंट! ड्वेनला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणालो, हे एसीचं पाणी का? डोकं खाजवत गेला.
अशा गाडीतून आजारी बाईला हायवेवर नेणं म्हणजे गुन्हा. व्हर्ना कोट घालून, पर्स घेऊन दारात उभी होती. तिनेच मेव्हिसबाईंना फोन लावला. त्या इतक्या चटकन आल्या की गाडीत बसूनच होत्या की काय कोण जाणे. मी हात केला. गाडीखालून दिसला नसेल.
उद्यापासून मीच.

८ ऑक्टोबर
उद्यापासून म्हणजे गळती सापडल्यापासून.
आता पद्धतशीर काम. फ्रीजरचा खोका उलगडून पुठ्ठा गाडीखाली सरकवला. प्रत्येक थेंबाला पेन्सिलीने गोल, शेजारी तारीख. नळ्यांच्या सगळ्या क्लॅम्प आवळल्या. संध्याकाळी बघतो तर टाकीतली पातळी उतरलेली, बरोबर खालच्या रेघेवर. म्हणजे गळतंय, नक्की गळतंय. पुन्हा काठोकाठ भरली.
आज व्हर्नाला मेव्हिसबाईंच्या पाळीतल्या आयरीनने नेलं.

१३ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग
रेडिएशनला सणाची सुट्टी. टर्की लहानच आणली. मेव्हिसबाईंनी कोबीचे रोल पाठवले, पातेलंभर. व्हर्नाने दोन घास खाल्ले.
जेवताना ती सांगायला लागली, की तिथे हात डोक्यावर धरून पडायचं असतं. मग सगळे बाहेर जातात आणि दार बंद होतं. हे एवढं जाड दार, लॉर्न. मग आत मी एकटीच.
मी म्हणालो, वॉटर पंपही असू शकतो.
ती उठून ताटं उचलायला लागली. टर्की जरा कोरडी झाली होती.

१७ ऑक्टोबर
ड्राइव्हवेवरचे डाग शोषले जावेत म्हणून मांजरांच्या शी-शूसाठी मिळते ती वाळू पसरली. इथे सगळेच तसं करतात. ड्वेनच्या मांजरीला व्यवस्था पसंत पडली. ड्वेनला म्हणालो, तुझ्या मांजरीला आवर. तो म्हणाला, तिच्या नावाचं दुकान उघडून ठेवलंस तू, आता ती काय करणार? आणि दात काढून हसला. मग तसाच उभा राहिला आणि विचारलं, व्हर्ना कशी आहे रे?
बरी आहे, म्हणालो. नळीचाच दोष दिसतोय.

२२ ऑक्टोबर
भंगारवाल्याकडून नळी आणली, बदलली. बोटं सोलवटली. पण आता शंभर टक्के. टाकी काठोकाठ भरून व्हर्नाला सांगितलं, उद्या आपण दोघं जायचं. ती हसली. किती दिवसांनी हसली!

२३ ऑक्टोबर, सकाळी
इंजिन तापवलं. थेंब. कालच्यापेक्षा मोठे.
व्हर्नाने कोट चढवलाच नव्हता. मेव्हिसबाईंची गाडी आल्यावर मग चढवला.

२९ ऑक्टोबर
कॉफीच्या दुकानात आयरीन भेटली. म्हणाली, व्हर्नाची कातडी भाजल्यासारखी झालीय, मऊ सुती बनियन आणून दे, कोट खुपतो तिला. आणि आल्याच्या गोळ्या आण, गाडीत मळमळतं ना. मी म्हणालो, हो हो, माहीत आहे मला.
मला माहीत नव्हतं. लागलं जरा. माझी बायको, आणि मला आयरीनकडून कळावं!
बनियन आणलं, गोळ्याही आणल्या. शिवाय कूलंटचा कॅन आणला, संपत आला होता.

४ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटरची वायर लावली. व्हर्ना दुपारभर सोफ्यावर झोपून होती, बूटही न काढता. मी काढले. पाय किती बारीक झालेत.
खरं लिहायचं तर मला भीती वाटते. गाडीची.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
बॉनेट उघडून टाकी भरत होतो. व्हर्ना घरातल्या कपड्यांवर कोट घालून बाहेर आली आणि पायरीवर बसली. आत जा, गारठशील, म्हणालो. गेली नाही.
म्हणाली, लॉर्न, सूपचं पातेलं काठोकाठ भरून शेगडीवर ठेवलं तर काय होतं?
उतू जातं, म्हणालो.
मग तू रोज संध्याकाळी काय करतोस आणि रोज सकाळी काय करतोस? जास्तीचं बाहेर सांडतं आणि पातळी आपली रेघेवर येते. तिथेच असायला हवी ती. पहिल्या दिवशी नुसतं पाणी होतं. हिरवं तू भरल्यावर आलं.
मी वाकून टाकीवरची रेघ बघितली. मग विचारलं, तुला हे कधी कळलं?
पहिल्याच आठवड्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं.
मग बोलली का नाहीस?
म्हणाली, वाटलं, तुला कशात तरी डोकं घालून बसायचंय, बसू दे. पण उद्या माझा रेडिएशनचा शेवटचा दिवस आहे. मेव्हिसला सांगितलंय, येऊ नकोस म्हणून. तू ने मला.
कॅनचं झाकण लावलं. आज भरली नाही. हात नुसते शिवशिवतायत.
तरी हे तिला जरा आधी सांगता आलं असतं.

७ नोव्हेंबर
नेलं. मीच नेलं. लिहून ठेवतोय, गाडी अप्रतिम चालली. ती आल्याची गोळी चघळत बोलत होती. कुणाच्या शेतात बर्फाखाली पीक राहिलं, मेव्हिसबाई हायवेवर किती हळू चालवतात आणि मागून ट्रकवाले कसे भोंगे वाजवतात. मी पोट धरून हसलो.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, वर ये. भिंतीवर एक घंटा आहे. शेवटच्या दिवशी वाजवायची, सगळे बाहेर येऊन टाळ्या वाजवतात. म्हणालो, तू हो पुढे, मी एकदा खाली बघून आलोच.

बॅकसीटवरून पुठ्ठा काढला, नवाकोरा, आणि खाली सरकवला. इंजिन गार होताना कधीकधी गळतं, म्हणून थोडा वेळ थांबलो. मग झोपून बघितलं. कोरडा. नळीला हात लावला. कोरडी. वर जायचंच होतं. दोनदा दारापर्यंत गेलो. आतून तो औषधाचा वास आला. परत येऊन पुन्हा एकदा बघितलं, खात्री झालेली बरी.

गाडीखालूनच तिचे तपकिरी बूट दिसले. ती किती वेळ तिथे उभी होती, माहीत नाही.
बाहेर आलो. विचारलं, वाजवलीस?
हो, म्हणाली.
कोण होतं?
मेव्हिस आणि आयरीन आल्या होत्या. नको म्हटलं तरी आपल्या आपण आल्या. पाठीवरची माती झटक, लॉर्न.
मग तिने विचारलं, गळतंय का?
नाही, म्हणालो. अगदी कोरडं आहे.
बरं झालं, म्हणाली आणि आत बसली.

अर्धा रस्ता मागे पडला. मग मी विचारलं, आवाज कसा होता घंटेचा? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, लहानशीच आहे रे. खालपर्यंत नसेल आला.

घरी पोचल्यावर पुठ्ठा पुन्हा बघितला. एकही थेंब नाही. गाडीला काहीही झालेलं नाही.